पहाऱ्यावरचे हुलगे

मुलगी अकरावीला गेली आणि घरात कॉम्प्युटर आला. तिच्या वडिलांनी तो मुद्दाम पुढच्या खोलीत ठेवला आणि मला बजावलं, "पोरीच्या मागं बसायचं. काय वंगाळ दिसलं तर सांग, नेट तोडूनच टाकतो."

मी चौथी शिकलेली आणि पडद्यावर सगळं इंग्रजी. तरी रोज सूप घेऊन बसायचे, निवडता निवडता बघत राहायचे. पाहुण्यांनाही मी ऐटीत सांगायचे, "आमच्यात लक्ष असतंय."

एकदा पडद्यावर मराठी अक्षरं दिसली. मी सावकाश वाचलं : 'माझी आई माझ्यावर पहारा ठेवते. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तांदूळ निवडत ती माझं तोंड वाचते.' खाली कुणाकुणा अनोळखी लोकांनी आईला नमस्कार कळवले होते. माझे कान तापले.

तेवढ्यात हे पिरंगुटहून कामावरून आले. दारातूनच विचारलं, "काय करतीया गं ती?"

पोरीचे हात थांबले.

"अभ्यास," मी म्हणाले.

ते आत गेल्यावर मी तिला हळूच म्हटलं, "तांदूळ न्हाई, हुलगं हुतं. परक्या लोकांना खोटं कशाला सांगतीस?"

तिने दुरुस्त केलं. इतक्या दिवसांच्या पहाऱ्यात मी पकडलेली ती पहिली चूक.