दोघींत एक पुस्तक

शाळेतलं इंटरनेट बंद पडलं की पुण्याहून एक माणूस यायचा आणि मी त्याच्यासाठी शिडी धरायचे. बारामतीतल्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागून मला आठ वर्षं झाली होती. मुलांना टायपिंग शिकवायचं, बिघडलेले माऊस बदलायचे, निकालपत्रकं छापून द्यायची, ही माझी कामं. भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्या वायरी जाऊन मिळायच्या, तिथं मात्र मी हात लावायचा नाही असं ठरलेलं. एकदा खाली उतरून चहा पिताना तो माणूस म्हणाला, "मॅडम, कुठली वायर सैल आहे हे दर वेळी तुम्हीच मला सांगता. नेटवर्किंगचं सर्टिफिकेट का करत नाही?"

मी हसून सोडून दिलं. पण जळोचीला घरी पोचेपर्यंत स्कूटीवर तेच डोक्यात घोळत होतं. घरी गेल्यावर मैत्रिणीला फोन केला. ती पणदऱ्याची. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, आणि आता ती तिथल्याच एका डेअरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होती. मला वाटलं ती म्हणेल, आता या वयात कसली परीक्षा. ती म्हणाली, "मी बी बसते. कशातनं अभ्यास करायचा ते तू बघ."

ते बघणं हेच खरं काम निघालं.

इंदापूर तालुक्यात कळंबला माझं माहेर. माझ्या चुलतभावानं काही वर्षांपूर्वी हीच परीक्षा दिली होती आणि तो पुण्याला नोकरीला लागला होता. पुढच्या रविवारी कळंबला गेले तेव्हा वहिनीनं माळ्यावरून त्याचं पुस्तक शोधून काढलं. इंग्रजी, विटेएवढं जाड, खाकी कव्हर घातलेलं. पानोपानी त्याच्या हिरव्या पेनाच्या खुणा. एका हुशार माणसानं खुणा केलेलं पुस्तक मिळाल्यावर आणखी काय पाहिजे, असं मला वाटलं. मी ते पदराखाली धरल्यासारखं जपून आणलं.

दोन महिने मी त्यातून अभ्यास केला. पहाटे उठून, स्वयंपाकाच्या आधी. तिकडे मैत्रिणीनं फोनवरच्या कुठल्या कुठल्या ग्रुपमधून इतकं जमवलं की तिचा फोनच भरला. अकरा पुस्तकांच्या पीडीएफ, चार वेगवेगळ्या सरांचे व्हिडिओ, आणि शिवाय परीक्षेत येऊन गेलेले म्हणून फिरणारे प्रश्न, उत्तरांसकट. त्याला डम्प म्हणतात हे तिनंच मला सांगितलं. "एवढं पाठ केलं की झालं," ती म्हणाली. वाचलं मात्र तिनं त्यातलं काहीच नव्हतं. रोज नवीन काहीतरी मिळायचं आणि ते साठवण्यात तिचा वेळ जायचा.

एका सकाळी मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. माझे सासरे, म्हणजे आबा, शेजारी काकडीच्या बियाण्याची पाकिटं निवडत होते. आबा चौथी शिकलेले. पण पाकीट हातात आलं की आधी ते उलटं करून तारीख बघतात, मग बाकीचं. पाकिटं निवडून झाल्यावर त्यांनी माझ्या पुस्तकाकडे बघितलं.

"ह्ये कवाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"चुलतभावाचं आहे, आबा."

"कुणाचं न्हाय इचारलं. कवाचं हाय?"

मला सांगता येईना. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, खाकी कव्हर अलगद काढलं, पहिली दोन पानं उलटली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. इंग्रजी येत नसलं तरी आकडा कळतो. "लई जुनं हाय की. ह्यातलं आता चालतंय का, बघितलं व्हय तू?"

मी बघितलं नव्हतं. तिथंच फोन काढून परीक्षा घेणाऱ्यांच्या साइटवर गेले. परीक्षा मधल्या काळात बदलली होती. मी घोकलेल्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा आता नव्हताच, आणि नवीन आलेलं कितीतरी त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. दोन महिने पहाटे उठलेलं आठवून माझे डोळे भरून आले.

आबांनी पुस्तकाला कव्हर परत घातलं आणि म्हणाले, "दोनच महिनं गेल्यात. नवं आण."

त्या साइटवर आणखी एक गोष्ट होती. परीक्षेत काय काय येणार याची पूर्ण यादी, कुणालाही वाचता येईल अशी. खरं तर पहिल्या दिवशी ती बघायला हवी होती. मी चार पानं छापली आणि रविवारी पणदऱ्याला गेले.

मैत्रिणीच्या अंगणात आम्ही सतरंजी टाकली. एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला तिचा भरलेला फोन. यादीतलं ज्यात आहे ते ठेवायचं, बाकीचं पुसायचं, असं ठरलं. अकरा पीडीएफांतल्या नऊ पहिल्या अर्ध्या तासात गेल्या. तिला एकेक पुसताना जीवावर येत होतं.

"असू दे की गं, कधी लागली तर?"

"दोन महिन्यांत उघडलीस का एकदा तरी?"

"न्हाय."

"मग?"

तिनं पुसली.

सरांची निवड जरा अवघड होती, कारण चौघंही नवीन अभ्यासक्रमाचे होते. आम्ही असं केलं: एकाच विषयावरचा प्रत्येकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ऐकायचा, फोन पालथा ठेवायचा आणि जे कळलं ते एकमेकींना मराठीत सांगायचं. पहिले सर विनोदच जास्त करत होते. दुसरे इंग्रजीत इतक्या वेगानं बोलत होते की शेजारी मेथी निवडत बसलेली मैत्रिणीची आई म्हणाली, "ह्यो बाबा श्वास कवा घेतोय?" तिसऱ्यांचं ऐकताना छान वाटलं, पण फोन पालथा ठेवल्यावर दोघींना एक वाक्यही सांगता येईना. चौथे सर हळू बोलायचे, निम्मं हिंदीत, मधेच थांबून वहीवर चित्र काढायचे. त्यांचं ऐकून मैत्रिणीनं मला जे सांगितलं ते तिच्या आईलाही थोडंफार कळलं. चौथे सर ठरले.

राहिला डम्प. तो मात्र ती सोडायला तयार नव्हती. तिच्याकडे त्याच्या दोन पीडीएफ होत्या. मी म्हटलं, दोन्हींत सापडेल असा एक प्रश्न काढ. तिनं काढला. एका छोट्या नेटवर्कचा पत्ता दिलेला, त्यात किती कॉम्प्युटर बसतील एवढंच विचारलेलं. एका पीडीएफमध्ये उत्तर बत्तीस, दुसऱ्यात बासष्ट. आम्ही वही घेऊन गणित मांडलं. जागा बत्तीस निघाल्या, पण पहिली आणि शेवटची जागा कॉम्प्युटरला देता येत नाही, म्हणून तीस. पुन्हा मांडलं, पुन्हा तीस.

"दोन्ही चुकलं?" ती म्हणाली.

"आणि तू दोन्ही पाठ करणार होतीस."

शिवाय असले प्रश्न वापरताना सापडलं तर परीक्षाच रद्द होते, हेही यादीखालच्या नियमांत लिहिलेलं होतं. ते तिनं दोनदा वाचलं आणि दोन्ही पीडीएफ पुसल्या. पण तिला खरा आनंद झाला होता तो गणिताचा. छापलेलं उत्तर चूक आणि आपलं बरोबर, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं म्हणाली.

नव्या आवृत्तीचं एकच पुस्तक आम्ही मागवलं. ते दोघींत कसं वाचायचं, यावर तिनंच उपाय काढला. बारामतीत झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ते मधोमध कापायला सांगितलं. दुकानदार कोरं करकरीत पुस्तक हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. "नक्की ना, ताई?" त्यानं तीनदा विचारलं. शेवटी कापलं आणि दोन्ही भागांना स्पायरल घातलं. पहिला भाग माझ्याकडे, दुसरा तिच्याकडे, महिन्यानं अदलाबदल.

हातानं करून बघण्यासाठी मुख्याध्यापकांकडून मी शाळेच्या अडगळीतले, कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र जोडायचे दोन जुने स्विच मागून घेतले. शनिवारी शाळा लवकर सुटली की मैत्रीण यायची आणि आम्ही लॅबमध्ये वायरी जोडायचो, सोडायचो. सराव परीक्षेत पहिल्यांदा मला शंभरात एक्केचाळीस मिळाले आणि तिला अडतीस. ज्या दिवशी दोघी ऐंशीच्या वर गेलो, त्या दिवशी परीक्षेची तारीख घेतली.

परीक्षा पुण्यात होती. सकाळच्या एसटीनं गेलो. आत जाताना घड्याळ, पर्स, फोन, अगदी केसांचा मोठा चापसुद्धा बाहेर ठेवायला लावला. मैत्रिणीचा नंबर माझ्या शेजारच्याच कॉम्प्युटरवर होता, पण मधे फळी. मला तिची फक्त चप्पल दिसत होती. पहिला तास ती चप्पल सारखी हलत होती. नंतर थांबली, तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

मी बाहेर आले तेव्हा ती तिथंच छापून मिळालेला निकालाचा कागद हातात घेऊन जिन्यात बसली होती. पास. माझाही कागद पासच होता, पण तिला माझ्यापेक्षा मार्क जास्त होते. पुढच्या अर्ध्या तासात तिनं ते मला चार वेळा सांगितलं. मी ऐकून घेतलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली आणि मग मी घरी फोन लावला. आबांनी उचलला.

"आबा, पास झाले."

"दोघी बी?"

"दोघी पण."

"बरं झालं." आणि लगेच पुढं म्हणाले, "मग त्या विहिरीवरच्या मोटारीला कॅमेरा बसंल का आता? चालू हाय का बंद, हितनं कळंल. चालत जायला गुडघं दुखत्यात."

पुढच्या रविवारी मैत्रीण पणदऱ्याहून आली. घरापासून विहिरीपर्यंत आम्ही दोघींनी बांधाच्या कडेनं पाइपातून वायर ओढली. आबा पुढं होऊन कुठं खणायचं ते दाखवत होते. दुपारी कॅमेरा चालू झाला. आबांनी बाजेवर बसून फोनमध्ये बघितलं. मोटार दिसत होती, पाणी पडताना दिसत होतं, आणि पाइपावर बसलेला एक बगळाही दिसत होता.

"ह्यो रोज असतोय तितं," आबा म्हणाले, आणि जेवायला हाक मारली तरी बराच वेळ ते बगळ्याकडेच बघत बसले.