तिचं सातवं वर्ष

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही — पण गेल्या आठवड्यात माझी लेक सोनल माहेरी आली होती. आपल्या दंगेखोर मुलीला भरवता भरवता तिनं मला सहज विचारलं, मी केवढी असताना तुला सगळ्यात जास्त आवडायचे? मी म्हणाले, सात वर्षांची. विचार न करता म्हणाले. आणि ते खरं होतं.

लेकीला नावं ठेवायची मला हौस नाही. पण ही पोर अख्ख्या गावाला पुरून उरेल अशी होती. चावायची. शेजारच्या पोरीच्या दंडाचा लचका तोडला होता. भांडी भिंतीवर आपटायची, काही नसलं हाताशी तर स्वतःचं डोकं उंबऱ्यावर. मी मारायचे — हो, मारायचेच. हातानं, लाटण्यानं, कपाशीच्या पऱ्हाटीनं. पऱ्हाटी मोडायची, ती रडायची नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहायची. मला वाटायचं, ही मला हरवतेय. एवढ्याशा पोरीशी कोणी हारजीत लावतं का? मी लावली होती.

हिवाळ्यात मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जायचे. उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत पसरलेली, आणि आम्ही बाया दिवसभर बसून देठ खुडायचो. संध्याकाळी हात नुसते पेटलेले. घरी आलं की आधी हातांना तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचे — तोवर पोराबाळांना शिवायचं नाही. आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही हे कळायचं. माय पथारीवरून आली की तिचे हात धुऊन होईपर्यंत ती लांब उभी राहायची.

सोनलला सात वर्षं झाली त्या हिवाळ्यात एक दिवस मी आले, तर आतल्या खोलीत सासूबाई माझ्या धाकट्या मुलाच्या कपाळावर हळद दाबून बसलेल्या. सोनलनं त्याला दगड मारला होता. भुवईच्या जरा वर. जरासा खाली लागला असता तर — पण हे मी कशाला सांगतेय? कारण म्हणून? नको. सोनल बाहेरच्या दाराआड उभी होती, माझ्याकडे तशीच टक लावून.

तेलाची वाटी ओट्यावर होती. मला ती दिसली — हे नीट ऐका, मला ती दिसली. मी वाटीजवळून पुढे गेले, पोरीला भिंतीशी दाबलं आणि दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांवर ठेवले. ठेवले काय — चोळले. ती माझ्या पोटात लाथा मारत होती, मनगटं ओरबाडत होती, आणि मी आणखी दाबत होते. तिचं ते ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं.

गल्ली धावत आली तोवर मी रडायला लागले होते. "मन्हा हात धोवाना राही गयात वं," मी म्हणाले. एवढं खोटं इतक्या पटकन कुठून आलं? बायांनी तिच्या डोळ्यांत दूध ओतलं, डॉक्टरांनी थेंब दिले, डोळे वाचले. आणि सगळ्यांनी समजूत काढली ती माझी — दमून आलेली बाई, होतं असं. सासूबाई पोरीला म्हणाल्या, "भाऊले मारं ना, देवनी दखं." भावाला मारल्याची देवानं शिक्षा दिली, हे पोरीनं मनाला लावून घेतलं. माझं पाप देवाच्या नावावर गेलं, आणि मी जाऊ दिलं.

त्यानंतर ती बदलली. वाढलेलं खायची, सांगेन ते ऐकायची, भावाला खेळवायची. वेणी घालताना हूं नाही की चूं नाही. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून कौतुक केलं. नात्यातल्या बाया विचारायच्या, काय जादू केलीस? मी हसायचे. खरं सांगायचंय ते हेच — ते वर्ष मला गोड गेलं. एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मी त्याचं फळ वर्षभर सुखानं खाल्लं. पुढे ती पुन्हा उसळली, भांडून शिकली, आपल्या पसंतीनं लग्न केलं. मला मात्र आवडत राहिली ती भेदरलेली पोर.

गेल्या आठवड्यात माझं उत्तर ऐकून सोनल हसली. मुलीचं तोंड पुसत म्हणाली, "मन्हं बी तेच वरीस, माय. तवय तू माले मारंच नही."

मी मान हलवली. त्या वर्षी मारायची वेळच यायची नाही. पदर सावरायला, फळीवरचं भांडं काढायला मी नुसता हात वर केला, की ती असेल तिथं थांबायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची.