घोड्याला पाणी कुणी पाजलं?

वाचनालयातली पुस्तकं हरवतात, किस्से मात्र साचतच जातात. पुस्तक नेणाऱ्याच्या दारात जाऊन परत मागता येतं. किस्सा एकदा आत आला, की कपाटात जागा नसली तरी मुक्काम ठोकतो!

आमचं वाचनालय चौसाळ्याजवळच्या एका खेड्यात, हायवेला लागून. मी तिथली ग्रंथपाल, शिपाई आणि झाडलोट करणारीही. दर मंगळवारी दुपारी गावातल्या पाच-सहा बाया येतात, नव्यानं वाचायला शिकलेल्या. अक्षर मोठं असतं म्हणून मी त्यांना मुलांच्या जुन्या गोष्टींची पुस्तकं देते. ती मी लहानपणी पन्नास वेळा वाचलेली. त्यात एकही चूक नाही, अशी माझी खात्री होती. होती!

* * *

पहिला दणका रुक्मिणबाईंनी दिला. त्या शाळेत खिचडी शिजवतात. पुस्तक कोंबडीचं. पहिल्या पानावर कोंबडीला सहा पिल्लं. नवव्या पानावर रुक्मिणबाई थांबल्या. चित्रातली पिल्लं बोटानं मोजली. परत मोजली.

"ताई, पाचच हायत."

"चित्र काढणाऱ्याची चूक असेल."

"चूक कशी? घारीनं नेलं, आन कुणी सांगितलं बी न्हाई! ती कोंबडी बी हुडकंना."

"बरं, पुढं वाचा."

"पुढं कसं जायचं? एक मागं राह्यलंय की!"

त्या मंगळवारी दहावं पान काही उघडलं नाही.

* * *

दुसरं पुस्तक गरीब म्हातारीचं. 'घरात पिठाचा कण नव्हता.' आणि पुढच्याच पानावर ती पाहुण्याला गरम पुरणपोळ्या वाढते. या पानावर मी लहानपणी दर वेळी रडायचे.

"पीठ न्हाई, मंग पोळ्या कशाच्या?" रुक्मिणबाई.

"गोष्ट आहे हो ती."

"आसू द्या. तांदूळ संपला म्हणून लिहायचं आन दुसऱ्या दिवशी खिचडी वाटायची, आसं मी केलं तर सायेब मला घरी बसवतील!"

* * *

हमीदाखालांचं लक्ष माणसांकडं नसतंच. त्यांच्या नवऱ्याचा टांगा होता, घरात तीस वर्षं घोडा. त्यांच्या वाट्याला राजाची गोष्ट आली. हरवलेल्या राजकन्येला शोधत राजा तीन दिवस घोडा दौडवतो.

खालांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं, जणू मीच राजा.

"राजा तीन बार शरबत पिया. घोडे कू एक बार बी पानी नै?"

आम्ही सगळ्यांनी मिळून पानं चाळली. घोड्यानं दरी ओलांडली, जंगल ओलांडलं, चक्क नदी ओलांडली. पाणी काही नाही!

पुढच्या आठवड्यात पुस्तक परत आलं. नदीच्या पानावर, कडेला, पेन्सिलीनं थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'इथं घोडा पाणी पिला.'

खालांनी आपल्या मनानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

पुस्तकावर लिहिणाऱ्याला आमच्याकडं दंड आहे. तो नियम मीच भिंतीवर चिकटवलाय. मी खोडरबर हातात घेतला. मग तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

* * *

एका गोष्टीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणभर टिपूर चांदणं पडतं.

"कसं पडंल?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "आमी बुद्धाचे, आमच्या घरी लक्ष्मीपूजन न्हाई. पण त्या दिवशी आवस आसती, एवढं आमाला बी कळतं!"

* * *

खालांचं बघून सगळ्याच लिहायला लागल्या. दोन-तीन महिन्यांत पुस्तकांच्या कडा पेन्सिलीनं भरल्या. आणि एका मंगळवारी वाचनालयाचे अध्यक्ष अप्पा अचानक आले. गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी एक पुस्तक उचललं, चाळलं आणि लाल झाले.

"ही काय नासधूस हाय? काहून लिहू दिलं? पुढच्या मंगळवारपासून हा वर्ग बंद!"

हमीदाखालांनी पिशवी आवरायला घेतली. रुक्मिणबाई मात्र उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची अप्पांपुढं सरकवली.

"बसा अप्पा. आधी वाचा, मंग बंद करा."

अप्पा उभ्यानंच वाचायला लागले. दोन पानांनंतर बसले. बाहेर ट्रक जात होते आणि आत फक्त पानांचा आवाज. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली.

"ताई, ह्यो गणू सकाळी जत्रेला पायी गेलता ना?"

"हो, अप्पा."

अप्पांनी पुस्तकातल्या गणूवर बोट ठेवलं. "मंग येताना तुज्याकडं सायकल कुठून आली बे?"

कुणीच हसलं नाही. हिंमतच नव्हती. अप्पांनी हात पुढं केला.

"पेन्सिल हाय का कुणाकडं?"

* * *

सुमन आमच्यात सगळ्यात लहान, पंचविशीची. तीही वर्गात येऊनच वाचायला शिकली. गेल्या महिन्यात तिनं पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्या कान देऊन बसलेल्या.

गोष्ट एका मुलीची. तिसऱ्या पानावर मुलीची आई तापानं जाते. मग मामाचं घर, नदीकाठची शाळा, दिवस जातात, मुलगी मोठी होते. शेवटच्या पानावर तिचं लग्न. सुमन एकेक अक्षर जोडत होती :

"मुलगी... गाडीत बसली. तिनं... मागं वळून पाहिलं. दारात उभी राहून... आई... डोळे पुसत होती."

ती थांबली. तेच वाक्य तिनं परत वाचलं, या वेळी न अडखळता.

सुमनची आई ती पाळण्यात असतानाच गेली. गावात सगळ्यांना माहीत आहे.

आणि सवय बघा, माझ्या तोंडून निघून गेलं, "सापडली का चूक?"

हमीदाखाला खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी रुक्मिणबाईंकडं पाहिलं.

"मला इचारू नका ताई," त्या म्हणाल्या. "मी आज चष्मा आणला न्हाई."

चष्मा त्यांच्या नाकावर होता!