गंगीने लावलेलं नख

शी! ‘पुरावा मिळाला की मत बदला’, हे वाक्य आठवलं तरी अजून शिसारी येते मला. आमच्या अमृत सरांचं लाडकं वाक्य. नीट विचार कसा करावा हे जगभरातल्या माणसांना शिकवायचं, म्हणून त्यांची संस्था डहाणूत आलेली. मी आशागडची संगिता, त्यांच्या ऑफिसात कामाला.

आणि गंगी सायवनची. सातवीपर्यंत शिकलेली, चिकूच्या वाडीत माल निवडणारी. मीठ संपणार असा मेसेज आला आणि अख्खा पाडा पिशव्या घेऊन धावला, तेव्हा ही बया आधी दुकानात जाऊन गोणी मोजून आली. सरांच्या वर्गात बायका खाली मान घालून बसायच्या. सर ‘पूर्वग्रह’, ‘संभाव्यता’ वगैरे बोलून गेले की गंगी आपल्या बोलीत सांगायची, “चिकूला नख लावतो ना? खाली हिरवं दिसलं की कच्चा. तसं ऐकलेल्या गोष्टीला नख लावायचं.” मग कुठे बायकांना तोंड फुटायचं.

तिला एकच हवं होतं. पुढच्या वर्षी हा वर्ग सायवनला, बायकांच्याच बोलीत भरावा आणि तिने घ्यावा. सरांना मात्र स्वतःचे व्हिडिओ मोबाइलवर पाठवायचे होते. बायकांना सरांचं कळलं असेल तर व्हिडिओ, नसेल तर गंगी, असं ठरलं.

कळलं का, म्हणून चाळीस बायकांना विचारलं. चाळीसच्या चाळीस “हो”! दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याने आणलेली मिठाई खवट लागली तरी गोड मानून खातात.

गंगी चिडली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात कागद दिला, म्हणाली, ऑफिसची म्हणून तूच वाच. मी वर्गात बायकांना वाचून दाखवलं, “सरांनी शिकवलेला हिरूचा नियम कळला का?” असा नियमच नाही. हिरू ही गंगीची शेळी. तरी चाळीस “हो”. मीच मोजून कागदावर लिहिले.

तो कागद घेऊन आम्ही दोघी सरांकडे गेलो.

“गंगीताई, रिपोर्ट कालच गेला. आकडे फार छान आलेत.”

“पण सर, हा पुरावा आहे.”

“ही मस्करी झाली हो.” आणि हसले! असा संताप आला मला. कुठे गेलं ते मत बदलणं? एवढा गुळगुळीत खोटेपणा बघून किळस आली.

मग ते माझ्याकडे वळले. “संगिता, तू तर रोज वर्गात असायचीस. बायकांना समजत होतं ना?”

गंगी माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलायचा होता मला, फक्त एक. सरांची, त्या हसण्याची किळस येतच होती. पण खरी किळस पुढे यायची होती, माझी मलाच.

“हो, सर,” मी म्हटलं.

गंगीने टेबलावरचा कागद उचलून घडी घातली.

“एकेचाळीस,” ती म्हणाली.