हार्लनने रचलेली गॅसची लाकडं

हार्लन रॅटलिफला न बघता, नुसत्या आवाजावरून लाकूड ओळखता यायचं. कुठे कुऱ्हाड बसली की हा आपल्या अंगणातून ओरडणार, "ओलं आहे रे ते, पुढच्या वर्षी फोड!" आमच्या या केंटकीच्या डोंगरात लाकडं फोडणारे पुष्कळ, पण फायरप्लेसमध्ये रचावीत ती हार्लनने. मागे जाड ओंडका, पुढे दोन मध्यम, वर एक तिरका आणि मध्ये हवेला वाट. एका काडीत पेटायचं. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात त्याने न विचारता माझ्या ओसरीवर लाकडांची रास लावली. मी आभार मानायला बाहेर आले, तर म्हणतो कसा, "ग्लेना, तुझ्या नवऱ्याने रचलेला जाळ मी पाहिलाय. निदान आता तरी तुला ऊब मिळेल." मी रडायच्या बेतात होते, ती फिसकन हसले. खोऱ्यातल्या सगळ्या विधवांकडे दर वर्षी त्याचीच लाकडं जायची, आणि प्रत्येकीला असाच काहीतरी टोमणा मिळायचा.

पण उभं आयुष्य त्याने कोळशाच्या खाणीत काढलं होतं आणि ती धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, लाकडाचा धूर आता कायमचा बंद. घर गरम ठेवायला विजेचं यंत्र होतंच, त्यामुळे कुडकुडायची वेळ काही येणार नव्हती. हार्लनने वाद घातला नाही. घरी आला, फायरप्लेस धुऊन पुसून लख्ख केली, कुऱ्हाड शेडमध्ये टांगली आणि आपली आरामखुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेली. त्यानंतर तो पुढच्या खोलीत बसलाच नाही.

त्याची बायको ओपल पुढच्या खोलीत एकटी टीव्ही बघायची आणि भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकायची. चाळीसहून जास्त हिवाळे दोघं त्या जाळासमोर बसली होती. भांडणंही तिथेच झाली आणि मिटलीही तिथेच. आता जेवताना "मीठ दे" एवढंच बोलणं उरलं होतं. फायरप्लेसवरच्या फळीवर एक अर्धवट जळका तुकडा पडून असायचा. त्यांच्या घरातली रीत अशी, की नाताळच्या ओंडक्याचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि पुढच्या नाताळचा जाळ त्यानेच पेटवायचा. हार्लनच्या आजीपासून चालत आलेलं. दोन नाताळ तो तुकडा तसाच राहिला होता.

पानगळीच्या दिवसांत ओपल सकाळीच माझ्या दारात आली. डोक्याला रुमाल, हातात पर्स.

"गाडी काढ. गॅसचे ओंडके बघायला जायचंय."

"ते मातीचे? हार्लन तुला घराबाहेर काढील."

"काढू दे. निदान त्यासाठी तरी खुर्चीतून उठेल. या नाताळला तो माझ्या शेजारी बसलेला हवाय मला, बस."

गावातल्या दुकानात एक गुळगुळीत बोलणारा विक्रेता होता. त्याने ओळीने पेटवून दाखवले. भाजलेल्या मातीचे ओंडके, खाली गॅसची नळी. एक प्रकार बिनधुराड्याचा, एक धुराड्याचा.

"बिनधुराड्याचाच घ्या, मॅडम. सगळी ऊब खोलीत राहते. दुसऱ्यात निम्म्याहून जास्त धुराड्यातून वर जाते. नुसता देखावा."

मला त्याचं पटलं. पटणारच, मला थंडी फार. पण ओपलने विचारलं, "ऊब खोलीत राहते. आणि जळल्यावर बाकी जे काही निघतं, ते?"

"ते अगदी थोडं असतं, मॅडम."

"ते कुठे जातं विचारलं मी."

"खोलीतच राहतं. पण तब्येतीने धडधाकट माणसाला—"

"माझा नवरा धडधाकट नाही. धुराड्याचा दाखवा. ऊब जाऊ दे वर."

त्या धुराड्याच्या ओंडक्यांच्या ज्वाळा खरंच वेगळ्या होत्या. पिवळ्या, उंच, आळसावलेल्या. ओपल बराच वेळ समोर उभी राहिली. मग विक्रेत्याने रिमोट पुढे केला. मी म्हटलं, घे, वयाला सोयीचं आहे. ओपलने मान हलवली आणि सगळ्यात जुन्या पद्धतीचा निवडला, किल्लीने गॅस सोडायचा आणि काडीने पेटवायचा.

"अगं, वाकायला लागेल!"

"लागू दे. बटण काय, मीही दाबीन. त्याला काहीतरी काम नको का?"

मी विक्रेत्याचा पुढे आलेला रिमोट मागे सारला.

बसवायला गॅसवाल्यांची ट्वायला आली. मजबूत बाई, हातात हातोडी. आमच्याकडे जाळ विझला की ऊब पळू नये म्हणून धुराड्याची झडप बंद करायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. ट्वायलाने त्या झडपेला लोखंडी चिमटा ठोकला, म्हणजे ती पूर्ण मिटणारच नाही. "हिला हात लावायचा नाही, मिस ओपल. ही मिटली तर विषारी वायू घरात." स्वयंपाकघरातून आवाज आला, "सबंध डोंगर तापवा आता, काही राहू देऊ नका!"

तरी तो आला नाही. ओपल रोज संध्याकाळी पेटवायची, तो रोज घेवडा आणि मक्याचा पाव स्वयंपाकघरातच खायचा. मला त्याचा असा राग यायचा! एका संध्याकाळी मी तिथे होते. ट्रकची किल्ली शोधत तो पुढच्या खोलीच्या दारात आला आणि थबकला.

"हे कोणी रचलं?"

"ट्वायलाने," ओपल म्हणाली.

"कधी जाळ पाहिलाय का तिने? पुढचे दोन ओंडके पाय मोडल्यासारखे पडलेत. वरचा तर उलटाच!"

"तू नको बघू."

"नाहीच बघत." आणि पाऊल न वाजवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओपल चर्चमध्ये गेली असताना या गृहस्थाने गुडघे टेकून सगळे थंड ओंडके उपसले आणि आपल्या पद्धतीने रचले. मागे जाड, पुढे दोन, वर तिरका. संध्याकाळी ओपलने पेटवलं आणि थोड्याच वेळात ओंडके काळेकुट्ट झाले. काजळीचे धागे उडायला लागले, घाण वास सुटला. बघायला दारात आलेल्या हार्लनला खोकल्याची अशी उबळ आली की ओठ निळे पडले. ओपलने किल्ली पिळून गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्याची पाठ चोळत, रडत ओरडली, "मरायचंय का तुला? सांग ना, मरायचंय का?"

श्वास जागेवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला आता जाळही रचता येत नाही." आणि खुर्चीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. ओपल मला म्हणाली, "परत देऊन टाकते. माझीच हौस नडली." मलाही वाटलं, संपलं हे.

ओंडके हलवल्याचं कळून ट्वायला आली ती रागावूनच. पण स्वयंपाकघरातला तो वाकलेला पाठमोरा माणूस पाहून तिचा आवाज उतरला. ती मुद्दाम मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं ओपलला सांगायला लागली. "लाकडाच्या जाळात ज्वाळा लाकडातून निघते. इथे ती नळीतून निघते. ओंडक्याने तिच्या वाटेतून बाजूला राहायचं. अंगाला लागली की काजळी."

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हणजे हवेला वाट द्यायची तशी ज्वाळेला द्यायची?"

"तेच म्हणतेय, मिस्टर हार्लन."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आला, तोंडाला रुमाल बांधून दारापाशी स्टूलवर बसला. ट्वायला ब्रशने काजळी काढत होती आणि हा मान तिरकी करून प्रत्येक ओंडक्याची जागा बघत होता. काजळी निघाल्यावर तो स्वतः पुढे झाला. "हा इथे? या खुंटीवर?" ट्वायला फक्त मान हलवत होती. शेवटचा ओंडका त्याने ठेवला आणि म्हणाला, "तो तिरका मात्र मला अजून आवडत नाही." ट्वायला म्हणाली, "मलाही नाही. पण तिथेच राहील."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी सफरचंदाचा थरांचा केक घेऊन गेले. आरामखुर्ची पुढच्या खोलीत होती. मी दाराशीच उभी राहिले, माझे डोळे भरून आले होते.

"दार लाव, ग्लेना. डोंगर तापवायचं काम धुराडं करतंय, तू नको करूस."

त्याने फळीवरचा तो जळका तुकडा काढला. चाकूने त्याची एक लांब, बारीक ढलपी सोलली. ती काडीने पेटवली, एक हात ओपलच्या खांद्यावर टेकून गुडघ्यावर बसला आणि ढलपी नळीपाशी धरली. "सोड. हळू." ओपलने किल्ली फिरवली. पिवळी ज्वाळा ओंडक्यांच्या मधून वर आली, एकालाही न लागता. ढलपीचं टोक त्याने विटेवर दाबून विझवलं.

मग तो तुकडा परत फळीवर ठेवायला म्हणून उठला, पण ठेवेना. हातात फिरवून फिरवून बघत राहिला; मातीच्या ओंडक्यांतून राखायला नवा तुकडा काही निघणार नव्हता.

ओपलने विचारलं, "किती नाताळ निघतील रे त्यातून?"

"बारीक सोलल्या तर बरेच."

"मग बारीकच सोल," ती म्हणाली आणि केक कापायला बसली.