फळकुटाखालचं लिंबू

आमच्या घरात वाहन कशाला म्हणायचं, ते अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे माझे वडील. मोहोळकडचं गाव सोडून सोलापुरात आले आणि तेव्हापासून टेम्पो चालवतात. टेम्पो हे वाहन. माझी स्कूटी हे वाहन, मग ती फक्त उतारावर नीट पळत असली तरी. आणि माझा स्केटबोर्ड?

"फळकुट!" अण्णा म्हणायचे. "फळकुटाला चार चाकं लावली म्हणून ते वाहन हुतंय व्हय?"

मी लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते. लोक रडतात, ओरडतात, एकाने तर मला लाथ मारली होती, तरी माझा हात हलत नाही. पण 'फळकुट' म्हटलं की डोक्यात सणकच जाते. मला राग लई लवकर येतो, आणि तो मी अण्णांकडूनच घेतलाय, त्यामुळे त्यांनी तक्रार करू नये.

ह्या भांडणाचं मूळ खंडेनवमीत आहे. त्या दिवशी अण्णा पहाटेच उठतात आणि पोट चालवणाऱ्या एकूण एक वस्तूची पूजा करतात. टेम्पो धुऊन हळदीकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. टेम्पो जरा पुढं घ्यायचा, लिंबू फट्कन फुटलं पाहिजे, म्हणजे वर्षभराची इडापिडा टळली. मग स्कूटी. मग आईचं शिलाई मशीन, मिक्सर, विळी, पाण्याची मोटर. मागच्या वर्षी मी मुद्दाम स्केटबोर्ड पुसून-बिसून मिक्सरच्या शेजारी ठेवला. अण्णांनी मिक्सरला कुंकू लावलं, बोर्ड ओलांडला, आणि माझ्या रिंगलाइटला कुंकू लावलं! तीन पायांच्या त्या दिव्याला! वर फूल!

"अण्णा, हे काय?"

"ते कामाचं हाय. बारशाला फोटू चांगले निघाले की."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं. गल्लीतल्या बायका काय बोलायच्या ते मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचे. 'गुडघे फोडून घेतलेली पोरगी कोण करणार' वगैरे. त्यांना मी म्हणायचे, लग्न गुडघ्याशी नाही लावायचं, काकू. पण अण्णा चाकांचा माणूस. आयुष्य चाकांवर काढलेला. त्यांनी माझ्या चाकांना चाकं म्हणू नये, हे मला लागायचं. खूप लागायचं. त्या दिवशी मी न जेवता उठले होते.

आता रील्सचं सांगते. व्हिडिओ काढायची माझी मैत्रीण. दोन घरं सोडून राहते, घरी सगळे विणकामातले, बोलणं तेलुगू. माझ्याशी मराठी बोलते, पण चिडली की तेलुगूत शिव्या घालते, म्हणजे मला कळू नयेत. मला सगळ्या कळतात. ह्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही कळतात.

सुरुवातीचे आमचे व्हिडिओ म्हणजे शुद्ध थापा. बोर्डसकट उडी मारता येत नव्हती, तर उडी मारतानाचा तुकडा आणि पलीकडे उभी असल्याचा तुकडा जोडायचा, मधलं आपटणं कापून टाकायचं. रस्त्यावर हॉर्न इतके, की चाकांचा आवाजच येईना. मग मैत्रिणीने पितळी डब्यात शेंगदाणे घालून हलवले आणि तो आवाज लावला. लोकांनी ओळखलं. 'ताई, स्केटबोर्डमध्ये शेंगा भरल्यात काय?' अशी कमेंट आली आणि तिलाच सगळ्यांत जास्त लाइक.

मग कुणीतरी लिहिलं की जरा लोकल टच पाहिजे. आम्हाला काय, तेवढंच निमित्त. मी पाठीला चादर बांधली, उडत्या हिरोसारखी. भर उन्हात सोलापुरी चादर! चाकात अडकली, मी गटाराच्या कडेला. त्यानंतर कडक भाकरींची चळत रचून तिच्यावरून उडी मारायचं ठरलं. भाकरी रचून होतात न होतात तोच आई उलथनं घेऊन बाहेर आली.

"अन्न ओलांडतीस? भवाने, अन्न?"

भाकरी परत डब्यात गेल्या आणि त्या दिवशी मला शेंगाचटणीशी त्याच वाढल्या. माझ्या मैत्रिणीलाही.

शेवटी मैत्रीणच वैतागली. "तुझं सगळं खोटं आहे," ती म्हणाली. "पडतेस रोज, आणि दाखवतेस काय तर न पडणारी बाई. आता कापाकापी बंद. गाणं नाही, शेंगदाणे नाहीत. एका दमात काढायचं. जे होईल ते लावायचं." मी म्हटलं, ठीक. खरं तेच दाखवू.

आणि खरंच मी शिकले. अण्णा टेम्पो लावतात ते एका बंद पडलेल्या मागाच्या कारखान्याचं आवार आहे. माग केव्हाच विकले, पण फरशी राहिली, वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेली. लॅब सुटली की मी तिथं. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, पण दसरा जवळ आला तेव्हा बोर्डसकट उडी जमायला लागली. आवारात मधोमध एक उथळ नाली आहे. धावत येऊन बोर्डवर चढायचं आणि ती नाली उडीत पार करायची, असा व्हिडिओ ठरला. दिवस कुठला? खंडेनवमीचा. सुट्टी होती म्हणून. बाकी काही नाही. बरं, थोडं अण्णांना दाखवायचंही होतं.

ह्या वर्षी मी बोर्ड पूजेला ठेवला नाही. मागून पूजा घ्यायला मी काय भिकारी आहे?

सकाळी आवारात आम्ही तिघं. अण्णा टेम्पो धूत होते, मैत्रीण फोन धरून जागा बघत होती. बोर्ड मी टेम्पोच्या पुढ्यात, जिथून चढायचं तिथं ठेवला आणि पाणी प्यायला नळाकडे गेले. बुटाची नाडी आवळली. तिकडे अण्णा पूजेचं ताट घेऊन टेम्पोभोवती फिरत होते, उदबत्तीचा वास येत होता. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चालू केलंय," मैत्रीण ओरडली. "एकदाच हं!"

मी धावले. काय धावले! बोर्डवर उडी टाकली, आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. मी थांबले नाही. टेम्पो धुतलेल्या पाण्याचा जो चिखल झाला होता, त्यात मी छातीवर पडून पार नालीपर्यंत गेले. नाली ओलांडायची होती, तिच्यात माझं डोकं होतं.

मैत्रिणीने फोन हलू दिला नाही. हे मी तिला कधी माफ करणार नाही. तोंडातून तेलुगू चालू होती, हात मात्र स्थिर.

अण्णा ताटासकट पळत आले. मी शिव्या देतेय म्हणजे जिवंत आहे, एवढं बघितलं आणि वळून बोर्डाकडे गेले. पुढच्या चाकापाशी वाकून त्यांनी काहीतरी उचललं. लिंबू! चांगलं टपोरं, पिवळंधमक. स्केटबोर्डचं चाक केवढंसं असतं? लिंबाएवढंच. टेम्पो ज्याचा चुरा करतो, ते माझ्या चाकाला धोंड्यासारखं आडवं आलं होतं. अण्णांनी ते उन्हात फिरवून पाहिलं.

"फुटलं न्हाय की," ते म्हणाले.

"अण्णा! हे इथं ठेवलं कुणी?"

अण्णांनी टेम्पोकडे पाहिलं. मग लिंबाकडे. "टेम्पोचं असंल. गडगडलं असंल हिकडं."

"बघून ठेवायचं ना! मान मोडली असती माझी!"

"व्हय व्हय. चिखल लागलाय की ह्याला." आणि त्यांनी बोर्ड उचलून स्वतः नळाखाली धरला, हाताने चोळून चोळून धुतला. एरवी बोर्डाला पायाने सरकवणारा माणूस. पण माझ्या कोपराचं सालपट निघालं होतं, नाकात चिखल होता आणि डोकं इतकं तापलं होतं, की मी त्याचा विचारच केला नाही. मला एवढंच कळलं, की पूजा ह्याही वर्षी टेम्पोचीच झाली आणि लिंबू तेवढं माझ्या नशिबी आलं.

घरी आल्यावर मैत्रीण म्हणाली, "ठरलंय ना? जे होईल ते लावायचं." मी म्हटलं, लाव. लाव बाई, होऊ दे इज्जतीचा फालुदा. धावणं, पडणं, नाली, अण्णांचं 'फुटलं न्हाय की', सगळं होतं तसं लावलं.

संध्याकाळी चहाला मैत्रीण आमच्याकडेच होती, आणि माझा फोन थांबेना. जे व्हिडिओ आम्ही खोटे काढले, ते फारसे कुणी बघितले नव्हते. हा मात्र सगळं सोलापूर बघत होतं. आई हसून हसून डोळे पुसत होती. आणि मी कमेंट वाचून पेटले होते.

"काय म्हणत्यात?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतायत खोटं आहे! एवढं आपटले ते खोटं! हा बघा शहाणा. लिहितो, 'सगळं नाटक. लिंबू अपघाताने आलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय.'" मी टाइप करायला लागले. 'तुझ्या नानाची टांग, ते टेम्पोचं लिंबू होतं,' इथपर्यंत आले.

अण्णांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. कान लाल झाले होते.

"मुद्दामच ठेवलंय, मग!" ते कडाडले. "लिही त्याला. वाहनाम्होरं लिंबू काय चुकून पडतंय व्हय?"

आईचं हसू थांबलं. माझा अंगठा फोनवर तसाच राहिला.

अण्णांनी बशी उचलली, फुंकर घातली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "चाक लई बारकं हाय त्याचं. फुडल्या वर्षी चिरून अर्धंच ठेवतो."

लिहिलेलं मी पुसून टाकलं. डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून फोन मैत्रिणीकडे दिला आणि तिला सांगितलं, "लिही, हो, मुद्दाम ठेवलंय. आमच्या अण्णांनी."