निलेशचा प्रोग्राम आणि उलटा काठ

माझ्या मेलेल्या नातवाला आळशी म्हणणाऱ्या माणसा, आधी हे वाच.
नमस्कार नंतर.

निलेशला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी त्याचं पान वाढलं, आणि बघते तर त्याची बायको कविता फोन हातात घेऊन रडत बसलेली. त्याच्या मेलवर कोणीतरी लिहिलं होतं, काठ उलटा उमटतो, कधीपासून सांगतोय, आळशी आहेस.

अरे, सुधारला होता त्याने काठ. आजारी पडायच्या आधीच.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. निलेशने साडीची डिझाईन काढायचा कॉम्प्युटर प्रोग्राम केला आणि जगाला फुकट दिला. आमच्या कतारगामपासून कुठकुठल्या देशांपर्यंत लोक वापरतात.

काही मंडळी असे फुकटचे प्रोग्राम गोळा करतात आणि एकत्र बांधून लोकांना देतात. एकदा गठ्ठा बांधला की पुढचा निघेपर्यंत आतलं बदलत नाहीत. त्यात निलेशचा जुना प्रोग्राम गेला. उलट्या काठासकट.

त्याने नवा पाठवला. नको म्हणाले.
मग माझा काढूनच टाका, म्हणाला. तेही नाही. लोकांचं चालू काम मोडेल म्हणे.

आणि तक्रारी याच्या नावावर.

मला म्हणाला, "आजी, वस्तू माझी, आणि माझंच ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "दिलेली साडी बाई कशी नेसते ते बघायला जातोस का? लूमवर ताण्याच्या उभ्या धाग्यांचा बीम चढवला की तो संपेपर्यंत आम्ही डिझाईन बदलत नव्हतो. त्यांचं बरोबर आहे."

तोंड पाडून बसला. मग भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं, "कापडाचा ताका खराब निघाला तर शेठ कोणाला धरतो? डिझाईनवाल्याला?"

"नाही. लूम चालवणाऱ्याला."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

माझ्याशी वाद घालून जिंकलेला या घरात तो एकटाच.

तो गेल्यापासून कविता एकेकाला लिहिते, ते आता नाहीत, माफ करा. माफी कशाची?

निलेश, काम चोख केलंस. जा आता निवांत. बाकीचं मी बघते.

गठ्ठा बांधणाऱ्यांनो, जुनं ठेवायचं तर ठेवा, मी अडवत नाही. पण त्यावरचा त्याचा मेल काढा आणि तुमचा टाका. निलेशच्या दोस्तांनो, हे इंग्रजीत करून त्यांना आजच पाठवा.

कविता आजपासून एकालाही उत्तर देणार नाही. जे चालवतात त्यांनी द्यायचं.